समुद्राच्या पाण्यातील उष्णता आणि आपला पाऊस

खरीप हंगाम जवळ आला की शेतकऱ्याचे लक्ष आभाळाकडे लागते. ढग कोणत्या दिशेने येतात, वारा कसा वाहतो, मृगाचा पाऊस वेळेवर पडेल किंवा नाही, याची चर्चा गावोगावच्या पारावर सुरू होते. ही चर्चा स्वाभाविक आहे; कारण महाराष्ट्रातील बहुतांश शेती आजही पावसाच्या पाण्यावर अवलंबून आहे. तथापि आभाळात जे दिसते त्याची तयारी कित्येक महिने आधी समुद्रात झालेली असते, ही गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही. सोलापूर, बीड किंवा यवतमाळ येथील शेतकऱ्यास समुद्राचे दर्शनही क्वचितच घडत असेल. परंतु त्याच्या शेतात पडणाऱ्या पावसाचा हिशेब समुद्राच्या पाण्यात किती उष्णता साठली आहे आणि ती कोठे व कशी वाहून नेली जात आहे, यावर बऱ्याच अंशी ठरतो. म्हणून समुद्राच्या पाण्याचे काही साधे गुणधर्म समजून घेणे शेतकऱ्यांस व गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांस उपयुक्त ठरेल.

पाणी उशिरा तापते, उशिरा निवते

मे महिन्यात नागपुरास दुपारचे तापमान सरासरी ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते; त्याच महिन्यात रत्नागिरीस ते ३३ अंशांच्या आसपास राहते. उलट जानेवारीत नागपूरची पहाट १२-१३ अंशांपर्यंत खाली येते, तर रत्नागिरीची पहाट १८-१९ अंशांच्या खाली सहसा उतरत नाही. सूर्य दोन्ही ठिकाणी सारखाच तळपतो. फरक आहे तो शेजारचा. रत्नागिरीच्या शेजारी समुद्र आहे.

एक ग्रॅम शुद्ध पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास एक कॅलरी उष्णता लागते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यास यापेक्षा किंचित कमी, म्हणजे सुमारे ०.९५ कॅलरी पुरते. एक ग्रॅम कोरड्या मातीस मात्र सुमारे ०.२ कॅलरी पुरेशी होते. याचा अर्थ असा की, सारख्याच वजनाच्या माती व पाणी यांना सारखीच उष्णता दिली, तर माती पाण्याच्या जवळजवळ पाचपट तापेल. या गुणधर्मास विशिष्ट उष्णता असे म्हणतात. हवेशी तुलना केली तर फरक आणखीच मोठा दिसतो. एक घनमीटर समुद्राचे पाणी एक अंशाने निवताना जी उष्णता बाहेर टाकते, तेवढ्या उष्णतेने तीन हजारांहून अधिक घनमीटर हवा एक अंशाने तापू शकते. समुद्राच्या पृष्ठभागावरील केवळ अडीच मीटर जाडीच्या पाण्यात, त्याच्या डोक्यावरील संपूर्ण वातावरणाइतकी उष्णता धरून ठेवण्याची शक्ती असते. समुद्राची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर आहे आणि पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे ७१ टक्के भाग समुद्राने व्यापला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हे कोठार किती मोठे आहे याची कल्पना येते.

याखेरीज आणखी दोन कारणे आहेत. पहिले असे की, माती अपारदर्शक असल्यामुळे ऊन तिच्या पृष्ठभागावरच अडते आणि दिवसभराची उष्णता हातभर खोलीपेक्षा फारशी खाली जात नाही. पाण्यात मात्र प्रकाश काही मीटर खोलवर शिरतो. दुसरे असे की, पाणी वाहते व घुसळले जाते. वारा व लाटा वरचे तापलेले पाणी खाली नेतात व खालचे थंड पाणी वर आणतात. त्यामुळे सूर्याची उष्णता काही दहा मीटर जाडीच्या थरात वाटली जाते. उघड्या रानाचा पृष्ठभाग दुपारी व पहाटे यांच्या दरम्यान वीस अंशांहून अधिक खालीवर होतो; भर समुद्रात हा फरक बहुधा एका अंशाच्या आतच राहतो.

किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे व रात्री जमिनीकडून जाणारे मतलई वारे हा याच फरकाचा परिणाम होय. दिवसा जमीन तापून तिच्यावरील हवा हलकी होते व वर जाते, आणि समुद्रावरील थंड हवा तिची जागा घेते. रात्री याच्या उलट घडते. मोसमी पाऊस आणणारे वारेही मुळात याच तत्त्वाने वाहतात, असे इंग्लंडमधील शास्त्रज्ञ एडमंड हॅले याने १६८६ मध्येच मांडले होते. पुढील अभ्यासाने त्यात पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे, ढगांतून मुक्त होणारी उष्णता वगैरे गोष्टींची भर पडली; तथापि जमीन व पाणी यांच्या तापण्यातील फरक हा त्याचा पाया कायम आहे.

शेतकऱ्याच्या अनुभवातही हा गुणधर्म येतो. कडाक्याच्या थंडीत द्राक्षाच्या किंवा केळीच्या बागेस रात्री पाणी देण्याची शिफारस केली जाते. ओलावलेली जमीन कोरड्या जमिनीपेक्षा अधिक उष्णता धरून ठेवते व ती रात्री सावकाश सोडते, त्यामुळे बागेतील तापमान एकदम घसरत नाही. समुद्र हेच काम संपूर्ण किनारपट्टीसाठी करीत असतो.

वाफेबरोबर जाणारी उष्णता

उन्हाळ्यात माठातील पाणी गार का राहते, हे घरोघरी ठाऊक आहे. माठाच्या अंगातून पाझरणारे पाणी वाफ होऊन जाते आणि जाताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८५ कॅलरी उष्णता लागते. एवढी उष्णता वाफेत दडून असते, पण हवेचे तापमान वाढलेले दिसत नाही. म्हणून तिला अप्रकट उष्णता म्हणतात. ही वाफ उंचावर जाऊन तिचे पुन्हा पाणी होते तेव्हा ती सर्व उष्णता त्या ठिकाणच्या हवेस परत मिळते.

अरबी समुद्राचा माठ असाच पाझरतो. त्याच्या पृष्ठभागावरून वाहणारे वारे बाष्प उचलतात व त्याबरोबर समुद्राची उष्णताही उचलतात. ही उष्णता किती असते याचा हिशेब शेतकऱ्यास सहज करता येईल. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. तेवढ्या पाण्याची वाफ करण्यासाठी समुद्रातून जी उष्णता खर्ची पडली, ती सुमारे ६,८०० युनिट विजेइतकी भरते. पंचवीस मिलिमीटरांचा एक चांगला पाऊस हेक्टरभर रानावर झाला, तर त्यामागे सुमारे एक लाख सत्तर हजार युनिट विजेइतकी उष्णता समुद्राकडून ढगात आलेली असते. ढगात मुक्त झालेल्या या उष्णतेमुळे हवा अधिक हलकी होऊन वर चढते, तिच्या जागी समुद्रावरील आणखी बाष्पयुक्त हवा ओढली जाते, आणि पावसाचे चक्र चालू राहते. म्हणजे ढगांना वर ढकलणारे इंधन समुद्रच पुरवितो.

हे वारे सह्याद्रीस अडून वर चढतात तेव्हा बाष्पाचा मोठा भाग घाटमाथ्यावर कोसळतो. महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण व खटाव तालुक्यांच्या वाट्यास पाचशे मिलिमीटरांच्या आसपास येतो. समुद्राने पाठविलेल्या मालाची वाटणी वाटेतील डोंगर अशा प्रकारे करतात.

मीठ आणि पाण्याचे वजन

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. या क्षारांमुळे पाणी केवळ खारट होते असे नाही. ते जड होते व त्याची वागणूक बदलते. पाणी जितके खारे आणि जितके थंड, तितके ते जड. जड पाणी खाली बसते, हलके पाणी वर तरंगते. समुद्रातील खोल पाण्याची सर्व हालचाल या एका नियमावर चालते.

गोड्या पाण्याचा एक विशेष असा की, ते ४ अंशांस सर्वांत जड असते. त्याहून अधिक निवल्यास ते पुन्हा हलके होते. म्हणून थंड देशांतील तळी वरून गोठतात व तळाशी पाणी द्रवरूप राहते. समुद्राच्या पाण्याचे तसे नाही. नेहमीच्या क्षारतेचे समुद्रजल गोठेपर्यंत जड होत जाते, आणि ते गोठते उणे १.९ अंशांच्या सुमारास. त्यामुळे ध्रुवप्रदेशानजीक पृष्ठभागावरचे पाणी निवले की ते खाली जाऊ लागते. शिवाय बर्फ होताना क्षार बाहेर टाकले जातात, त्यामुळे भोवतालचे पाणी अधिक खारे व अधिक जड होते. उत्तर अटलांटिक महासागरात ग्रीनलंडच्या आसपास व दक्षिणेस अंटार्क्टिकाभोवती असे जड पाणी तळाकडे जाते आणि तेथून जगातील सर्व महासागरांत पसरते. म्हणूनच विषुववृत्तावरसुद्धा वरचे पाणी २८-२९ अंश असताना खोल तळाचे पाणी ४ अंशांहूनही थंड असते. बुडालेले पाणी पुन्हा पृष्ठभागावर येण्यास शेकडो वर्षे, कधी हजार वर्षांच्या आसपासचा काळ लागतो. बुडालेल्या पाण्याची जागा भरून काढण्यासाठी उष्ण प्रदेशातील पाणी पृष्ठभागावरून थंड प्रदेशाकडे वाहत राहते व आपल्याबरोबर उष्णता नेते. पश्चिम युरोपचे हवामान त्याच अक्षांशावरील इतर प्रदेशांच्या मानाने सौम्य राहण्यास हे प्रवाह साहाय्यभूत होतात.

हिंदी महासागराची गोष्ट थोडी निराळी आहे. अटलांटिक व पॅसिफिक हे महासागर उत्तरेकडे दूरवर पसरले आहेत. हिंदी महासागरास मात्र आशिया खंडाने उत्तरेस सुमारे २५ अंश अक्षांशापाशीच बांध घातला आहे. येथील उष्णतेस उत्तरेकडे वाट नाही. पावसाळ्यात वाऱ्याच्या जोराने पृष्ठभागावरचे उष्ण पाणी विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे ढकलले जाते. म्हणजे हवा दक्षिणेकडून उत्तरेकडे येते आणि पाण्यातील उष्णता उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते. या देवघेवीमुळे उत्तर हिंदी महासागर बेसुमार तापण्यापासून वाचतो.

अरबी समुद्राचे वर्ष

शेताप्रमाणेच समुद्राचेही हंगाम असतात. मार्च ते मे या काळात अरबी समुद्रावर आभाळ निरभ्र व वारे मंद असतात. ऊन भरपूर मिळते. पाणी घुसळले जात नाही आणि बाष्पीभवनही बेताचेच होते. त्यामुळे वरचा थर पातळ राहून झपाट्याने तापतो. एप्रिल-मे महिन्यांत त्याचे तापमान २९ ते ३० अंशांपर्यंत जाते. केरळ व लक्षद्वीप यांच्या आसपासचा भाग तर याहूनही अधिक तापतो. हिवाळ्यात बंगालच्या उपसागरातील कमी खारे, हलके पाणी श्रीलंकेस वळसा घालून या भागात येते व वर तरंगत राहते, हे त्याचे एक कारण मानले जाते. मोसमी पाऊस प्रथम याच भागाजवळ केरळच्या किनाऱ्यावर, साधारणतः १ जूनच्या सुमारास, येतो.

जून लागताच दक्षिण गोलार्धातून आलेले वारे आफ्रिकेतील सोमालियाच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतात, उजवीकडे वळतात व नैर्ऋत्य वारे म्हणून भारताकडे धाव घेतात. त्यांच्याबरोबर समुद्रातील प्रवाहही फिरतो. सोमालियाच्या किनाऱ्यालगतचा प्रवाह हिवाळ्यात दक्षिणेकडे व पावसाळ्यात उत्तरेकडे जोराने वाहतो. वर्षातून दोनदा दिशा पालटणारा एवढा मोठा प्रवाह जगात इतरत्र क्वचितच आढळतो.

या जोरदार वाऱ्यांमुळे तीन गोष्टी एकदम घडतात. बाष्पीभवन वाढून समुद्राची उष्णता हवेत जाते. लाटांनी पाणी घुसळून वरचा थर जाड व थंड होतो. आणि सोमालिया व ओमान यांच्या किनाऱ्यांवर वारा वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो, त्या जागी खोलातले थंड पाणी वर येते. सोमालियाजवळ पाण्याचे तापमान भर पावसाळ्यात २० अंशांच्या आसपास उतरते. परिणामी मे ते ऑगस्ट या अवधीत अरबी समुद्राचा पृष्ठभाग सर्वसाधारणपणे दोन ते तीन अंशांनी निवतो. उन्हाळाभर साठविलेली शिल्लक पावसाळ्यात खर्च होते, असे म्हणावयास हरकत नाही.

खोलातून वर येणारे पाणी पोषक द्रव्यांनी समृद्ध असते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात व त्यांच्यावर मासळी पोसली जाते. भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर पावसाळ्यात असेच पाणी वर येते, आणि तारली व बांगडा यांच्या विपुलतेशी त्याचा निकटचा संबंध आहे. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात जातात तेव्हा कोळी बांधवांच्या जाळ्यात येणारी मासळी हे या उलाढालीचेच पीक होय.

हिवाळ्यात ईशान्येकडून कोरडे, थंड वारे वाहतात. उत्तर अरबी समुद्राचे पाणी त्यामुळे वाफ होऊन अधिक खारे व निवून अधिक जड होते, खाली जाते, आणि समुद्र पुन्हा खोलवर ढवळला जातो. पुढच्या उन्हाळ्यासाठी जणू नांगरट होते.

बंगालचा उपसागर वेगळा का?

अरबी समुद्र पावसाळ्यात निवतो. बंगालचा उपसागर मात्र बहुतांश २८ अंशांच्या वर राहतो. दोन्ही समुद्र एकाच अक्षांशांवर आहेत. मग हा फरक का? याचे एक मुख्य कारण गोड्या पाण्यात आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा व इरावती या महानद्या, त्याचप्रमाणे सह्याद्रीत उगम पावलेल्या गोदावरी व कृष्णा या नद्या आपले पाणी उपसागरात ओततात. शिवाय त्याच्यावर पाऊसही भरपूर पडतो. हे गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर दहा-वीस मीटर जाडीची दुलई पसरल्यासारखे राहते. वाऱ्यास ती दुलई सहजासहजी खालच्या पाण्यात मिसळता येत नाही. म्हणून सूर्याची उष्णता वरच्या पातळ थरात राहते आणि तो थर लवकर पुन्हा तापतो.

समुद्राचा पृष्ठभाग सुमारे २८ अंशांच्या वर असला तरच त्यावर उंच, पाऊस देणारे ढग जोमाने वाढण्याचा संभव असतो, असे डॉ. सुलोचना गाडगीळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले. बंगालच्या उपसागरात ही अट पावसाळाभर पुरी होत असल्याने तेथे कमी दाबाची क्षेत्रे वारंवार निर्माण होतात. ती पश्चिमेकडे सरकताना विदर्भ व मराठवाड्यास पाऊस देतात आणि अरबी समुद्रावरील वाऱ्यांनाही ओढून घेतात. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी समुद्रास जे पाणी देते, ते अशा आडवाटेने तिच्याच खोऱ्यातील पावसाला थोडा हातभार लावते.

दूरच्या समुद्राचा परिणाम

हवा व पाणी यांना देशांच्या सीमा नसतात. पॅसिफिक महासागरात सामान्यतः पूर्वेकडून पश्चिमेकडे वारे वाहतात व उष्ण पाणी इंडोनेशियाच्या बाजूस लोटतात; दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या किनाऱ्यावर थंड पाणी वर येते. काही वर्षांच्या अंतराने हे वारे मंदावतात व उष्ण पाणी पूर्वेकडे पसरते. यास एल निनो म्हणतात. उष्ण पाणी सरकले म्हणजे त्यावरील ढगही सरकतात आणि भारतावर हवा खाली बसू लागून पावसास प्रतिकूल स्थिती निर्माण होते. १९०४ ते १९२४ या काळात भारतातील वेधशाळांचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर यांनी दूरदूरच्या देशांतील हवेच्या दाबांची सांगड मोसमी पावसाशी घालण्याचा प्रयत्न केला, त्यातून या विषयाचा पाया घातला गेला.

महाराष्ट्राने १९७२ चा दुष्काळ सोसला त्या वर्षी पॅसिफिकमध्ये एल निनो होता. २००९ मध्ये देशाच्या मोसमी पावसात सुमारे २२ टक्के व २०१५ मध्ये सुमारे १४ टक्के तूट आली, तेव्हाही एल निनो होता. २०२३ मध्ये ऑगस्ट महिना १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि ऐन वाढीच्या अवस्थेत पिकांनी माना टाकल्या. परंतु एल निनो आला की दुष्काळ पडलाच पाहिजे, असे समजणे चुकीचे होईल. १९९७ मध्ये एल निनो अतिशय प्रबळ असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा उष्ण व सुमात्रा बेटाजवळचा पूर्व भाग थंड होता, आणि ही स्थिती भारतीय पावसास पोषक ठरते. पॅसिफिकने हात आखडला असता हिंदी महासागराने तो काही अंशी सावरून धरला, असे म्हणता येईल. म्हणून केवळ 'यंदा एल निनो आहे' एवढ्या वार्तेवर पेरणीचे निर्णय घेऊ नयेत.

कोठार अधिक भरत आहे

कोळसा व खनिज तेल यांच्या ज्वलनामुळे वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइड वायूचे प्रमाण वाढले आहे व पृथ्वीवरील उष्णता पूर्वीइतकी बाहेर जात नाही. या वाढीव उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्राने पोटात घेतला आहे. समुद्र नसता तर जमिनीवरील उष्मा याहून कितीतरी लवकर असह्य झाला असता. तथापि हा उपकार फुकटचा नाही. उष्णकटिबंधातील हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान १९५१ ते २०१५ या काळात सुमारे एका अंशाने वाढले आहे. एक अंश ही संख्या लहान दिसते. परंतु पाण्यास तापविण्यास किती उष्णता लागते हे वर सांगितलेच आहे.

उष्ण समुद्रावरून अधिक बाष्प उठते आणि हवेत ते अधिक मावते. मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्याचे शास्त्रज्ञांना आढळले असून, त्यामागे अरबी समुद्राकडून येणाऱ्या बाष्पाच्या लाटा असल्याचे दिसून आले आहे. म्हणजे मोसमाची एकूण सरासरी गाठली गेली तरी चार दिवसांत धो धो पाऊस व नंतर तीन आठवडे उघडीप, असे प्रकार अधिक संभवतात.

चक्रीवादळांचेही असेच आहे. त्यांना बळ मिळण्यास सुमारे २६-२७ अंशांहून उष्ण पाणी, आणि तेही पुरेशा खोलीपर्यंत, लागते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' हे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले त्यापूर्वी अरबी समुद्र असाच तापलेला होता. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांतील नारळ, सुपारी व आंब्याच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. नारळ-सुपारीचे झाड फळावर येण्यास कित्येक वर्षे लागतात. तेव्हा एका दिवसाच्या वाऱ्याने बागायतदाराचे किती वर्षांचे उत्पन्न गेले, हे वेगळे सांगावयास नको. शिवाय तापलेले पाणी प्रसरण पावते. समुद्राची पातळी वाढण्याचे हे एक प्रमुख कारण असून, कोकणातील खारजमिनी व त्यांचे बांध यांच्या दृष्टीने ती चिंतेची बाब आहे.

शेतकऱ्यांनी ध्यानात घ्यावयाच्या गोष्टी

समुद्राची उष्णता शेतकऱ्याच्या हाती नाही. परंतु तिच्याविषयीची माहिती आज हाती येऊ शकते. जगातील समुद्रांत सुमारे चार हजार तरंगती यंत्रे सोडलेली आहेत. ती दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीपासून वर येतात व वाटेतील तापमान व क्षारता यांची नोंद उपग्रहामार्फत पाठवितात. भारतीय हवामान खात्याचे एप्रिल व मे अखेरचे दीर्घकालीन अंदाज तयार करताना समुद्राच्या स्थितीचा विचार केला जातो.

१. दीर्घकालीन अंदाज हा संपूर्ण देशाचा किंवा मोठ्या विभागाचा असतो. त्यावरून बियाणे, चारा व पीककर्ज यांचे ढोबळ नियोजन करावे. पेरणीचा दिवस मात्र त्यावरून ठरवू नये.

२. मृगाचा पहिला पाऊस पुष्कळदा वळवाचा असतो. नैर्ऋत्य वारे स्थिर झाल्याखेरीज समुद्राकडून बाष्पाचा पुरवठा सतत होत नाही. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्यावर व वाफसा आल्यावरच पेरणी करावी. घाईने केलेली पेरणी दुबार पेरणीस कारण होते व बियाण्याचा दुहेरी खर्च अंगावर पडतो.

३. अंदाज प्रतिकूल असल्यास सर्व रान एकाच पिकाखाली न ठेवता बाजरी व तूर यांसारखी मिश्र किंवा आंतरपीक पद्धती अवलंबावी. पावसाच्या खंडात कोळपणी करून व पिकांत काडीकचऱ्याचे आच्छादन घालून ओल टिकवावी.

४. अतिवृष्टीचे पाणी वाहून जाऊ न देता शेततळे, बांधबंदिस्ती व सरी-वरंबा यांच्या साह्याने रानातच मुरवावे. समुद्राने एकदम दिलेले दान उघडिपीच्या दिवसांसाठी साठविणे हाच यावर उपाय होय.

५. कृषी विद्यापीठांतील कृषी-हवामान केंद्रांतर्फे दर मंगळवारी व शुक्रवारी सल्ला प्रसिद्ध होतो. कार्यकर्त्यांनी तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. किनाऱ्यावरील गावांनी चक्रीवादळाच्या सूचनांकडे कदापि दुर्लक्ष करू नये.

गावात करून दाखविण्याजोगी प्रात्यक्षिके

हा विषय शब्दांपेक्षा डोळ्यांनी लवकर पटतो. सभेच्या दिवशी किंवा शाळेत पुढील प्रात्यक्षिके विनाखर्च करता येतील.

पहिले : सारख्या आकाराची दोन घमेली घ्यावीत. एकात कोरडी माती व दुसऱ्यात, लिटरास ३५ ग्रॅम मीठ घातलेले पाणी, सारख्याच उंचीपर्यंत भरावे. सकाळी दोन्ही उन्हात ठेवून दुपारी तीन वाजता व पुन्हा सूर्यास्तानंतर दोन तासांनी, वरून दोन बोटे खोलीवर तापमापक धरून नोंद घ्यावी. माती किती झपाट्याने तापली व निवली आणि पाणी किती सावकाश, हे आकड्यांतच दिसेल.

दुसरे : काचेच्या दोन पेल्यांपैकी एकात मिठाचे पाणी व दुसऱ्यात साधे पाणी अर्ध्यापर्यंत भरावे. साध्या पाण्यात नीळ मिसळून ते चमच्याच्या पाठीवरून दोन्ही पेल्यांत अगदी हळू ओतावे. मिठाच्या पाण्यावर निळा थर वेगळा तरंगत राहील. साध्या पाण्यात तो मिसळून जाईल. नंतर दोन्हींवर फुंकर घालून पाहावी. बंगालच्या उपसागरावरील गोड्या पाण्याची दुलई वाऱ्यास का दाद देत नाही, याचा उलगडा त्यावरून होईल.

याबरोबरच प्रत्येक गावात एक पर्जन्यमापक असावा व त्याची नोंद रोज सकाळी साडेआठ वाजता नियमाने ठेवली जावी. समुद्राने काय पाठविले याचा पक्का हिशेब त्या नोंदवहीतच मिळतो, आणि गावाच्या दहा-पंधरा वर्षांच्या नोंदी हाती असल्या म्हणजे अंदाजाचा अर्थ आपल्या शिवारापुरता लावणे सुलभ होते. येत्या हंगामापूर्वी ज्या गावांत पर्जन्यमापक नसेल तेथे तो बसविण्याची व्यवस्था करावी आणि नोंद ठेवण्याचे काम गावातील एखाद्या होतकरू तरुणाकडे सोपवावे.